पुण्याच्या ऑफिसात कोणी बसत नाही

"पुण्याले हापिस हाये म्हणते, मंग पोरगी दिवसभर घरी काऊन दिसते?"

शेजारच्या काकू कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आईला विचारत होत्या. मी खिडकीच्या आत लॅपटॉपसमोर होते. टाइप करायचं थांबवलं, कारण टाइप केल्याचा आवाज बाहेर जातो.

"तिथं बसा लागत नाही," आई म्हणाली.

"मंग तिथं कोण बसते?"

"कोणीच नाही. तसंच असते ते."

काकूंनी जरा विचार केला. "आन् भाडं?"

"भाडं द्या लागते."

आईचं उत्तर बरोबर होतं. व्हर्च्युअल ऑफिस म्हणजे काय, हे इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलेलं नाही.

मी लेबलं करते. लोणच्याच्या बरण्यांची, मसाल्याच्या पाकिटांची, साबणांची. चिखलीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी माझं टेबल आहे. सुरुवातीला मी पत्ता इथलाच देत होते. पुण्या-मुंबईचे लोक काम आवडल्याचं कळवायचे आणि मग विचारायचे, हे नक्की कुठे आलं? मी सांगायचे, बुलढाणा जिल्ह्यात. मग, तिकडे कुरिअर येतं का? येतं, असं मी कळवायचे. त्यानंतर त्यांचं काही यायचं नाही, कुरिअरसुद्धा.

म्हणून पुण्यात पत्ता घेतला. एका मोठ्या इमारतीत एक ऑफिस असतं. तिथला पत्ता आपल्याला लावता येतो. आपली टपाल-पार्सलं ते घेतात आणि पुढे पाठवतात. आपल्या नावाने आलेला फोन तिथली रिसेप्शनिस्ट उचलते. कोणाला भेटायचंच असेल तर तासाच्या हिशोबाने खोली मिळते. त्या एका दारामागे इतक्या कंपन्या होत्या, की सगळ्या एकाच दिवशी कामावर आल्या असत्या तर अर्ध्या जिन्यात उभ्या राहिल्या असत्या. पण कोणी येत नाही, त्यामुळे जागा पुरते.

मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते फोनचं. माझी शाळा इंग्रजी, घर वऱ्हाडी, आणि पुण्याच्या लोकांना फोनवर जी मराठी लागते ती मला फक्त लिहिता येते. एकदा एका ग्राहकाशी मी स्वतः बोलले होते. ते म्हणाले, "किती गोड बोलता हो तुम्ही, गावाकडच्या का?" त्यांचं बाकीचं काम मी ईमेलवर पूर्ण केलं. रिसेप्शनिस्टला कोणी असं विचारत नसे. ती माझ्या कंपनीचं नाव असं घ्यायची, की मलाच कंपनीबद्दल आदर वाटायचा. वेबसाइटवरही मी 'आम्ही' होते.

घरच्यांना हे समजावणं मात्र जड गेलं. बाबांना 'क्लाउड' वगैरे सांगून पाहिलं, त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बीबी गावाहून सोयाबीन घेऊन बाजाराला आले होते, त्यांनी ते सोडवलं.

"म्हंजे अडतीवानी," ते म्हणाले.

अडत म्हणजे मार्केट यार्डातलं त्यांच्या अडत्याचं दुकान. त्यांचा माल तो विकून देतो, आणि बाकी सगळंही तिथंच होतं. बाजाराला आलं की पिशव्या तिथं ठेवायच्या. सोयरे भेटायला बोलवायचे ते तिथं. गावाकडचं पार्सल तिथं येतं, निरोप तिथं राहतो, उन्हाचं आडवं व्हायचं तर गादीही आहे. चहा न विचारता येतो.

"पत्ता त्याचा, काम आपलं," मोठे बाबा म्हणाले. "आपण पैसे देतो ना त्याले?"

"हो," मी म्हटलं.

"मंग झालं."

पहिल्यांदाच कोणाला तरी समजलं होतं.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका बाईंचं काम आलं. त्यांची लोणच्या-मसाल्यांची कंपनी होती. चार लेबलं केली, ती त्यांना आवडली. आता त्यांना त्यांचा सगळा माल नव्याने सजवायचा होता. म्हणजे वर्षभराचं काम, आणि मी नोकरी का शोधत नाही, या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. फक्त एकदा ऑफिसात येऊन भेटायचं, मग ठरवू, असं त्यांनी लिहिलं. यायच्या आधी कृपया कळवावे, असं मी उत्तर पाठवलं. कळवल्यावर पुण्याला जायचं, तासाची खोली घ्यायची आणि कमी बोलायचं, असं माझं ठरलं होतं.

त्या न कळवताच ऑफिसात गेल्या. त्यांचं त्या बाजूला काहीतरी काम होतं.

त्याच दिवशी मोठे बाबा डोळे दाखवायला पुण्याला गेले होते. सोबत मोठी आई. सकाळी गाडीतून उतरले, डॉक्टरांची वेळ दुपारची. मधल्या वेळात कुठे जायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. पत्ता बाबांनी लिहून दिलेला होता.

पुढचं मला मोठ्या आईने नंतर सांगितलं. रिसेप्शनिस्ट भली होती, तिने बसू दिलं. मोठ्या बाबांनी पिशव्या सोफ्याखाली सरकवल्या, नळ कुठे आहे विचारून तोंड धुऊन आले, आणि चहाची वाट पाहत बसले. चहा आला नाही. "नवीन पोरगी हाये," असं त्यांनी मोठ्या आईला सांगितलं आणि डबा उघडला. तिखट पुऱ्या आणि लसणाची चटणी. आधी रिसेप्शनिस्टला दिल्या. तिने एक घेतली.

तेवढ्यात लोणच्याच्या बाई आल्या. त्यांनी माझ्या कंपनीचं नाव सांगितलं.

"मॅडम आज ऑफिसमध्ये नाहीत," रिसेप्शनिस्ट म्हणाली. ती सगळ्यांना हेच सांगते.

नाव ऐकून मोठे बाबा उठले. "आज काऊन? ते तं कधीच नसते इथं. चिखलीले असते. बसा ना ताई. हे आपलंच हाये."

बाई बसल्या नाहीत. त्यांनी रिसेप्शनिस्टकडे पाहिलं. रिसेप्शनिस्टने तोंडातली पुरी संपवली आणि मला फोन लावला.

मी मागच्या खोलीत होते. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "मॅडम, तुमच्या क्लायंट आल्यात. आणि एक काका-काकू आहेत, ते म्हणतात तुमचे आहेत. मी तुम्ही मीटिंगमध्ये आहात असं सांगू का? यांना खाली बसायला सांगते."

खाली म्हणजे इमारतीच्या बाहेर, वॉचमनच्या शेजारी. मला ते नंतर कळलं असं म्हणता आलं असतं, पण मला तेव्हाच कळलं.

"पुरी घ्या ना ताई," मागून मोठ्या आईचा आवाज आला. "घरचीच हाये."

"फोन त्यांना द्या," मी म्हटलं.

"काकांना?"

"नाही. मॅडमना."

बाई थेट मुद्द्यावर आल्या. "हे काय चाललंय? इथे एक गृहस्थ म्हणतायत की तुम्ही इथे कधीच नसता, कुठल्या चिखलीला असता. कोण आहेत हे? तुम्ही ओळखता यांना?"

माझ्याकडे इंग्रजीत एक वाक्य तयार होतं. गैरसमज झालेला दिसतो, मी लेखी कळवते, अशा अर्थाचं. ते वाक्य पूर्वी दोनदा कामी आलं होतं. मोठे बाबा तिकडे म्हणत होते, "लाजते ते. लहानपणापासून तशीच हाये. बोल बाई, काऊन गप बसून राह्यली?"

बाहेर आजही काकू आणि आई भिंतीच्या दोन्ही बाजूंना होत्या, आणि आता कान देऊन ऐकत होत्या. खिडकी उघडी होती.

"ते माझे मोठे बाबा हायेत," मी म्हटलं. "आन् ते म्हणून राह्यले ते खरं हाये. मी चिखलीलेच असते, घरी. तुमची चारही लेबलं इथंच केली, मी एकटीनं. तिथं कोणीच बसत नाही. आज तेवढे ते बसले हायेत, त्यायले उठवू नका."