विहीणबाईंनी चालू केलेला ट्रॅक्टर

मी चौथीपर्यंत शिकलो, पण यंत्रातलं मला कळतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. चाकणच्या एका कंपनीत मी माळी होतो. तिथं हिरवळीवरचं गवत कापायला एक छोटा ट्रॅक्टर होता. पेट्रोलवर चालणारा, लाल बोनेटचा, पोटाखाली पाती फिरणारा. कंपनीनं नवा आणला तेव्हा जुना मी मागून घेतला आणि घरी आणला. अजूनही आसपासच्या दोन-चार कंपन्यांचं गवत मीच कापतो. घरात बसून आयती भाकरी खायची मला सवय नाही.

त्याची एक गोष्ट मला फार आवडते. सीटवर माणूस बसल्याशिवाय तो चालू होत नाही, अन् माणूस उतरला की बंद होतो. सीटखाली तसं बटणच आहे. धनी ओळखणारा बैल असतो, तसं. म्हणून दर खंडेनवमीला मी त्याला धुतो, हार घालतो आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला तेलात कालवलेला शेंदूर लावतो. झाकण गोल, वर आलेलं, बरोब्बर मधोमध. मला तेच त्याचं कपाळ वाटायचं.

मागल्या वर्षी दसरा झाला आणि ट्रॅक्टर अडून बसला. थोडा चालायचा, खोकायचा, गप्प व्हायचा. मग कितीही किल्ली फिरवा, नुसती घरघर. मी आधी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. होतं. मग प्लग काढून काचपेपरनं घासला. लगेच चालू! मी मिशीवर हात फिरवला, कुंपणापर्यंत गेलो, आणि बंद. पुन्हा पेट्रोल पाहिलं, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा क्षार गरम पाण्यानं धुतला. चालू. पुन्हा कुंपणापाशी बंद. शेवटी थेरगावहून मिस्त्री आणला. त्यानं कार्बोरेटर खोलला, "कचरा होता, बाबा," म्हणाला, चालू करून दाखवला. त्याची मोटरसायकल कोपऱ्यावर वळली नसेल, तोवर हा पुन्हा बंद.

मुलानं तेव्हाच नवी गाडी घेतली होती आणि तिला ट्रॅक्टरची शेड हवी होती.

"आबा, रविवारी भंगारवाला येतोय. तवर चालू झाला तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर मग माझ्यावर वरडू नका."

"चालू व्हईल."

"तुमी रोज त्येच म्हणताय."

ट्रॅक्टर गेला असता तर मी दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळ विचारणारा म्हातारा झालो असतो. हे मला माहीत होतं, आणि मुलाला सांगून कळलं नसतं.

सूनबाईला कंपनीत दिवाळीची जोडून सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्या वर्षी माहेरच आमच्याकडं आलं. माहेर म्हणजे विहीणबाई, लातूरकडच्या. मालक गेल्यावर त्यांनी गावात किराणा दुकान एकटीनं चालवलं. तोंड फटकळ. व्याही-विहिणींनी एकमेकांना टोमणे मारायची आपल्याकडं रीतच आहे, पण ह्या बाईंना रीतीची गरज नव्हती.

मी ट्रॅक्टरपाशी खटपट करायचो आणि त्या ओट्यावर मेथी निवडत बघत बसायच्या. दोन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, पाहुणीला करमत नसेल. रविवारी सकाळी मी पुन्हा टाकीच्या झाकणाला हात घातला, तशा त्या ओरडल्या, "थांबा! सारखं सारखं उघडून काय बघायलाव? पेट्रोल काय पळून चाललंय?"

"विहीणबाई, यंत्राचं काम हाय. तुमी मेथी निवडा."

"मेथी झाली निवडून. आता तुमचाच नंबर आहे." पदर खोचून त्या खाली आल्या. "मला सांगा, प्लग घासला तवा झाकण उघडलं होतं का?"

"व्हय."

"बॅटरी धुतली तवा?"

"उघडलं व्हतं."

"मिस्त्री आला तवा?"

"त्यानं बी उघडलं. पेट्रोल बघाया नको का?"

"मग चालू कशानं झाला? तुमच्या घासण्यानं का उघडण्यानं?"

मला राग आला होता, पण प्रश्न खोटा नव्हता.

"मी जन्मभर गोडेतेलाचे डबे फोडले, व्याहीबुवा. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल थोडं येतंय आणि अडकतंय. समोर दुसरं भोक पाडावं लागतंय, वारा आत जायला. ह्याचा वारा कुठनं जातोय?"

आता मला आठवलं की झाकणावर मधोमध बारीक छिद्र होतं. होतं म्हणजे, पूर्वी दिसायचं. आता तिथं शेंदराचा जाड पापुद्रा होता, वर्षावर वर्ष चढलेला, वाळून दगड झालेला.

तरी मी म्हणालो, "देवाचा शेंदूर हाय तो."

त्या हसल्या नाहीत. ह्यासाठी मी त्यांना आजही मानतो. "आधी खात्री करू," म्हणाल्या. झाकण एकदा उघडून परत लावायला सांगितलं, मला ट्रॅक्टरवर बसवलं आणि मग पुन्हा झाकण न उघडता बंद पडेपर्यंत चालवायला लावला. बंद पडला. किल्ली फिरवायला लावली. घरघर. मग त्यांनी झाकणाला हात लावून कपाळाला लावला, "देवा, नाक मोकळं करू दे," म्हणाल्या, आणि बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून शेंदरात खुपसली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सुस्स करून आवाज आला, टाकीनं वारा ओढून घेतला.

"मारा किल्ली."

एका किल्लीत चालू! मी कुंपणापर्यंत गेलो. कुंपणाला वळसा घातला. मग आणखी एक घातला. भंगारवाल्याचा टेम्पो दारात आला तेव्हा मी चिक्कूच्या झाडांमधून फेऱ्या मारत होतो, आणि उतरायला तयार नव्हतो. उतरलो तर बंद होईल ना.

भंगारवाला म्हणाला, "मग मी काय नेऊ?"

विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवांचा हट्ट न्या. लई वजन भरंल."

मुलगा पोट धरून हसला. मीही हसलो, पण तोंड तिकडं फिरवून. त्याच दुपारी मुलानं गाडीसाठी शेडच्या बाजूला पत्रा टाकायला घेतला.

पुष्कळ माणसं यंत्र दिसलं की आधी पाना उचलतात. मीही त्यातलाच. ह्या बाईंनी दोन दिवस नुसतं पाहिलं. काय केल्यावर काय झालं, एवढंच मनाशी धरून ठेवलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हाच बोलल्या. आम्ही चालू झाल्याच्या आनंदात होतो, त्या मात्र तो का चालू झाला, ते बघत होत्या. असं बघणं मला ह्या वयापर्यंत जमलं नाही.

जाताना त्यांनी ती पिन माझ्याकडंच ठेवली. मी ती ट्रॅक्टरच्या किल्लीला अडकवली आहे.

यंदा खंडेनवमीला सकाळीच फोन आला.

"व्याहीबुवा, शेंदूर कुठं लावलाव?"

"जिथं लावायचा तिथं."

"म्हंजे?"

मी सांगितलं नाही. शेंदूर लावायचं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. दोन दिव्यांच्या मधे बोनेटवर चांगली रुंद जागा आहे. कपाळ खरं तर तेच.