थर्मासचं टोपण

दादा गेला त्या दुपारी मी बँकेत कागदांची पिशवी घेऊन रांगेत उभी होते. वहिनीचा फोन आला. "सुधा, हे उठतच नाहीयेत गं," एवढंच ती म्हणाली. जेवून आडवा झाला होता, झोपेतच संपला होता. पुढचं सगळं मी केलं. डॉक्टरांचा दाखला, शववाहिनी, रत्नागिरीच्या नातेवाइकांना फोन, कोण कुठे झोपेल याची व्यवस्था. रात्री कुणीतरी म्हणालं, "सुधा आहे म्हणून निभावतं सगळं." हे वाक्य मला आयुष्यभर आवडत आलं. हल्ली ते ऐकलं की मान खाली जाते, आणि त्याचं कारण आमच्या जेसल पार्कच्या इमारतीखाली, पार्किंगमध्ये, कव्हर घालून उभं आहे.

दादा कारखान्यात टर्नर होता. तरुणपणी त्याला टू-स्ट्रोक स्पोर्ट्‌स मोटरसायकलचं वेड होतं, पण गाडी घेणं राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर चेण्याला एका गोठ्यात त्याला तशी एक सापडली. सीटवर कोंबड्या बसायच्या. टेंपोत घालून ती घरी आणली आणि पुढचं दीडेक वर्ष तो तिच्यापाशीच होता. गंजलेल्या टाकीत व्हिनेगर आणि जुने नट घालून ती मांडीवर घेऊन हलवत बसायचा. वहिनी म्हणायची, नातवंडाला झोपवतायत. सगळं जमलं, फक्त इंजिनाला ऑइल पुरवणारा पंप काही मिळाला नाही. मग दादाने तो रस्ताच बंद केला आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायला लागला. त्यासाठी माप म्हणजे बाबांच्या फुटलेल्या थर्मासचं टोपण, आतून खिळ्याने रेघ मारलेलं. ओतून झालं की टोपण फडक्याने लख्ख पुसायचं आणि पार्किंगच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवायचं. आणि रविवारी सकाळी हायवेने वरसाव्याच्या नाक्यापर्यंत जाऊन चहा पिऊन यायचं. मागे बहुधा मीच. "सुधे, वाकून बस, वारा कापायचाय," असं म्हणत हा पासष्टीचा माणूस टाकीवर पालथा पडायचा...

अशाच एका रविवारी वरसाव्याच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक अचानक जाम झालं. दादाने क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. मागून ट्रक हॉर्न देत अगदी अंगाजवळून गेला. ऑइल नसलं की पिस्टन आत अडकतो. "टाकायचं विसरलो बघ," म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. घरी त्याने एकदोनदा गॅस चालू ठेवला होता, मला मावशीच्या नावाने हाक मारली होती. मी त्याच्याशी बोलले नाही, वहिनीशी बोलले. आणि नेहमीप्रमाणे तोडगा काढला. शनिवारी संध्याकाळी दादा पेट्रोल भरून, ऑइल टाकून आंघोळीला जायचा. तेवढ्यात वहिनी मला टाकीची किल्ली द्यायची आणि मी खाली जाऊन आणखी एक टोपण ओतून यायचे. तो विसरला असेल तर भरपाई, नसेल तर थोडं जास्त. जास्तीने काय बिघडतंय, असं आम्हा दोघींना वाटलं.

बिघडलं. गाडी धूर ओकायला लागली. "काका, आज फॉगिंगवाले छुट्टी पे हैं क्या?" समोरचे मेहताभाई गॅलरीतून विचारायचे. प्लग काळा पडायचा, गाडी चालू व्हायची नाही, दादा किक मारून मारून घामाने भिजायचा. त्याने कार्बोरेटर उघडला, पुन्हा उघडला, प्लग बदलले. मी वरून बघत होते. कारण काय असेल हे मला तेव्हा खरंच कळलं नाही. शेवटी तो पार्किंगच्या कट्ट्यावर प्लग हातात घेऊन बसला. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाला, "माझा कान गेला बहुतेक. गाडी काय सांगतेय ते ऐकूच येत नाही. देऊन टाकतो कुणाला तरी."

कप घेताना तो थांबला. माझा हात नाकाजवळ नेला.

"ऑइलचा वास येतोय."

मी सांगितलं.

"कधीपासून?"

"वरसाव्याला बंद पडली तेव्हापासून."

"म्हणजे गाडीत काहीच बिघाड नाहीये," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. मग उरलेला अर्थ त्याच्यापर्यंत पोचला. तो पोचताना मी बघितला... चहा पिऊन त्याने कप खाली ठेवला, इतकंच.

भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने वेगळंच केलं. पुढच्या शनिवारपासून ऑइल ओतलं की टोपण पुसता पुसता वर बघून हाक मारायचा, "सुधे, टाकलं गं." अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशी. मी गॅलरीत येऊन "बरं" म्हणायचे. ज्याने मला सायकल शिकवली तो माणूस मला खालून हजेरी देत होता. नको रे दादा असं करू, एवढं म्हणणं माझ्या हातात होतं. म्हटलं नाही, कारण त्या हाकेने मला निश्चिंत वाटायचं.

आता दादा नाही, तरी गाडी बंद पडू द्यायची नाही, असं वहिनीचं म्हणणं आहे. रविवारी एक फेरी मारून आणीन, हे मेहताभाईंनी स्वतःहून सांगितलं. ऑइलचं काम माझ्याकडे आलं. परवा शनिवारी खाली गेले, पेट्रोल भरलं. शेजारणीने मेंटेनन्सचं काहीतरी विचारलं, तिला उत्तर दिलं, झाकण लावलं. टोपण खिळ्याला अडकवत होते, तेवढ्यात वहिनी गॅलरीत आली. दादा गेल्यापासून ती हाक आली नव्हती, म्हणून असेल, तिनेच विचारलं.

"सुधा, टाकलंस का गं?"

मी टोपणात बघितलं. ते लख्ख पुसलेलं होतं. आता पुसलं होतं की गेल्या शनिवारचंच होतं, ते मला आठवेना. ऑइलचा वास हाताला होता, पण तो तर हल्ली असतोच. वहिनी कठड्यावरून वाकून वाट बघत होती, आणि मला तिच्याकडे वर बघवेना.