डिंकाखालची उजवी बाजू

आमची ताई आयुष्यभर ढेकणांच्या भाऊबंदांची चित्रं काढत आली. थट्टा नाही, संग्रहालयात तिची नोकरीच ती होती. उष्ण, दमट जंगलातल्या कुजक्या पाचोळ्यात तिळाहून लहान किडे राहतात. नातं ढेकणाचं, पण माणसाच्या वाटेला न जाणारे. ताई ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वहीच्या पानाएवढे मोठे काढायची. मी घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे बारीक कामाचं मला फारसं अप्रूप नाही. पण किड्याच्या पायावरचे केस मोजणारी बहीण घरात असली की भांडणात आपला निभाव लागत नाही, एवढं अनुभवाने सांगतो.

तिचं काम डॉक्टरांच्या हाताखाली चाले. डॉक्टर म्हणजे किड्यांचे. आमच्या आईने मात्र पहिल्याच भेटीत त्यांच्यापुढे दुखरा गुडघा धरला होता. नवा किडा सापडला की तो कुठल्या वंशात बसतो हे डॉक्टर ठरवायचे, आणि कुठेच बसला नाही तर त्याच्यासाठी नवा वंश मांडायचे. असा नवा वंश त्यांनी उभ्या जन्मात एकच मांडला. तो किडा त्यांच्या बायकोने पाचोळा चाळताना टिपला होता. टाचणीवर कागदाचा इवलासा त्रिकोण असतो, त्याच्या टोकाला तिनेच तो डिंकाने चिकटवला आणि खाली माहितीची चिठ्ठी लिहून टोचली. नवखा हात, डिंक जरा जास्तच लागला. वर्षभरात ती आजारपणात गेली. डॉक्टरांनी त्या वंशाला तिचं नाव दिलं.

नमुना जगात तो एकच. बाकीच्या वंशांत नराचं मागचं टोक एका अंगाला वाकडं असतं, याचं दोन्हीकडे सारखं, म्हणून हा वंश वेगळा. पुरावा म्हणून ताईचं चित्र छापलं गेलं.

याला तेवीस वर्षं झाली. डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले. यंदा संग्रहालयाने सगळ्या वंशांचं मोठं पुस्तक करायला घेतलं, आणि डॉक्टरांच्या जागी आलेल्या नव्या बाईसाहेबांनी ताईला ते चित्र पुन्हा काढायला सांगितलं. या वेळी डिंक सोडवून. ताईने कोमट पाण्याचा थेंब सोडला, हलकेच किडा सुटा केला, आणि इतकी वर्षं झाकलेली उजवी बाजू पाहिली. ती वाकडी होती.

त्या दिवशी घरी येऊन ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बसली.

"मी डावीच बाजू काढली होती रे," ती म्हणाली. "उजवी डिंकाखाली. मग ट्रेसिंगचा कागद मधोमध दुमडला आणि डावीवरून उजवी गिरवली. सगळेच करतात तसं. पण हे किडे वाकडे असतात हे मला माहीत होतं. माहीत असून दुमडला."

"मग आता?"

"आता काय! तो जुन्याच एका वंशातला आहे. डॉक्टरांचा वंश गेला. त्यांच्या बायकोचं नावही गेलं."

डॉक्टर तेव्हा अंथरुणाला खिळलेले, आज की उद्या अशी अवस्था. मी म्हटलं, "चार दिवस थांब. त्यांना सुखाने जाऊ दे. किड्याचं बूड सरळ की वाकडं, हे कळल्यावाचून कोणाचं अडलंय?"

"त्यांच्या मागे सांगितलं तर चूक त्यांच्या माथी बसेल. माझी आहे ती."

मला तिचा भयंकर राग आला. घरात हरिश्चंद्राचा अवतार असणं सोपं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बरोबर नेलं. किड्याची डबी धरायला. खिडकीशी पलंग, उशाशी औषधांच्या बाटल्या. सुनेने डॉक्टरांना उशीला टेकवून बसवलं. ताईने प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

डॉक्टरांनी डबीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिने चिकटवलेलं म्हणून मीच त्या डिंकाला हात लावू दिला नाही. तुमची एक बाजू चुकली, बाई. मी तर एकही पाहिली नाही, चित्रावरच विसंबलो." दम खाऊन म्हणाले, "दुरुस्ती छापायला द्या. माझ्या नावाने."

"दोघांच्या," ताई म्हणाली.

"बरं. दोघांच्या." मग म्हणाले, "म्हणजे तिचं नाव जाणार."

"हो."

"आणि टाचणीवरची चिठ्ठी?"

"ती राहते. नाव बदललं तर खाली नवी लावायची, जुनीला हात लावायचा नाही. तुम्हीच शिकवलंत."

"वाचा ती."

मी डबी उघडून धरली. ताईने भिंग लावलं. नखाएवढ्या कागदावर डॉक्टरांच्या बायकोचं मुंगीच्या पायांसारखं अक्षर होतं. ताई वाचू लागली, "ओढ्याकाठी. ओला पाचोळा, चाळणीने. सकाळी पाऊस." मग तारीख, आणि टिपणारीचं नाव.

डॉक्टरांनी डोळे मिटले होते. "पुन्हा वाचा."

ताईने पुन्हा वाचलं. नावाशी येऊन अडली. मग भिंग मी घेतलं, कारण तिला दिसेनासं झालं होतं, आणि तिसऱ्यांदा मी वाचलं.