पहिली कुदळ भाऊंची

आमच्या गल्लीत रस्ता होणार म्हटलं की मी आधी माझ्या उंबरठ्याकडे पाहते. रस्ता नको म्हणणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, पण मला कारण आहे. आमच्याकडे सिमेंटचा नवा रस्ता करायचा म्हणजे जुन्याच्या डोक्यावर नवा ओतायचा. खालचा कोणी काढत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात पायऱ्या चढून जावं लागायचं. पहिल्या रस्त्याने खालच्या पायऱ्या गिळल्या, दुसऱ्याने वरच्या. आता रस्ता आणि उंबरठा एका पातळीत आलेत. पुढच्या खोलीत मी पिको-फॉलचं मशीन चालवते, तर येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकली माझ्या मांडीवरून गेल्यासारख्या वाटतात. घरपट्टी दरवेळी वर जाते, रस्ता वर जातो, खाली जातं ते फक्त घर. बिलात वृक्ष कराची ओळही असते. गल्लीत झाड म्हणाल तर एक तुळस आहे, आणि तिला पाणी मी घालते.

तरी आमचं भागत होतं. खरी पंचाईत गल्लीच्या उताराला दुकान असलेल्या चाचांची होती. चाचा गाद्या भरतात. जिनिंगमधून रुई आणायची, पिंजायची, गाद्या-रजया शिवायच्या, हा त्यांच्या घराण्याचा धंदा. यवतमाळ जिल्ह्यात कापसाला तोटा नाही आणि लग्नात मुलीला गादी दिल्याशिवाय आमच्याकडे कोणाचं समाधान होत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दिग्रसहूनही यायचं. पण दुसरा रस्ता झाल्यापासून त्यांचं दुकान रस्त्याच्या खाली गेलं. पाऊस आला की सगळ्या गल्लीचं पाणी त्यांच्या दारातून आत शिरायचं आणि रुई भिजायची. भिजलेल्या रुईची गादी कितीही वाळवा, तिचा कुबट वास जात नाही.

अशात बातमी आली की तिसरा रस्ता मंजूर झाला.

चाचा माझ्या दुकानात येऊन बसले. रजईच्या खोळींना फॉलसारखी पट्टी लावायचं काम ते मलाच देतात. म्हणाले, "आता आणखी एक थर पडला का मी दुकान बंद करतो बेटा. पुसदले पोराकडे जाऊन राहतो. म्हातारपणी पाणी उपसून राह्यलो मी, गाद्या कवा भरू?"

मला एकदम रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला.

आम्ही गल्लीतल्या सात-आठ जणी नगरपरिषदेत गेलो. तिथल्या इंजिनिअर साहेबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही, म्हणून मी आपणच बसले. जुना रस्ता आधी खोदून काढा आणि मग नवा करा, एवढंच आमचं मागणं होतं. साहेब म्हणाले, "एस्टिमेटमध्ये खोदकाम धरलंच नाही ना ताई. जे धरलं नाही ते करता येत नाही."

"मग आमची घरं बुडवायचं धरलं हाये का त्याच्यात?" मी विचारलं. साहेबांनी फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.

तिथून वॉर्डाच्या नगरसेवकाकडे गेलो. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं. भाऊंनी चहा पाजला, आणि मग समजावलं, "वहिनी, दुसऱ्या गल्लीवाले रस्त्यासाठी माह्या मागं लागून राह्यले. तुम्हाले फुकट भेटून राह्यला तं काहून नाही म्हणता?"

फुकट हा शब्द माझ्या डोक्यात गेला. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आपण भरतो ती घरपट्टी काय असते मग? तो म्हणाला, सरकारी कामात पाय घालू नको. तो एसटीत आहे, सरकारी काम म्हटलं की त्याचे पाय आपोआप आखडतात.

भूमिपूजनाचा दिवस ठरला. भाऊंचा माणूस निरोप घेऊन आला, औक्षणाचं ताट वहिनींनी करावं, गल्लीतल्या बाईच्या हातून बरं दिसतं. त्याच्या हातात कुदळ होती, कोरी करकरीत. दांड्याला लाल फीत बांधलेली. मी ती पाहिली आणि विचारलं, "हे कायले?"

"कायले म्हणजे? भाऊ कुदळ मारतीन न. त्याबिगर कामाले सुरुवात होते का?"

तो गेला आणि मी कितीतरी वेळ एकटीच हसत बसले. एस्टिमेटमध्ये खोदकाम नाही, पण पूजेत आहे. मग मी घरोघर गेले. चाचांना सांगितलं तेव्हा ते आधी माझ्याकडे पाहतच राहिले, नंतर त्यांनी कोपऱ्यातली सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढून तिची धूळ पुसली.

त्या दिवशी सकाळी मंडप, हार, नारळ, सगळं आलं. रस्ता सिमेंटचा, त्यावर कुदळ मारली तर ती उडून भाऊंच्याच नडगीला लागायची, म्हणून ठेकेदाराने घमेलंभर मुरूम आणून मधोमध ओतला होता. मी औक्षण केलं. भाऊंनी नारळ फोडला, मुरमात कुदळ मारली, फोनवाल्यांसाठी पुन्हा एकदा मारली. टाळ्या झाल्या. साहेब, ठेकेदार आणि भाऊ पेढ्याच्या डब्याकडे वळले.

तेवढ्यात चाचा सब्बल घेऊन आपल्या दारासमोर आले, बिस्मिल्ला म्हणाले आणि रस्त्यावर घाव घातला. मग घराघरांच्या दाराआडून कुदळी निघाल्या, फावडी निघाली. बायकांनी पदर खोचले. आम्हाला वाटलं होतं, सिमेंट आहे, हात सोलवटून निघतील. कसलं काय. वरचा थर पापडासारखा सुटायला लागला. ज्या निकृष्ट कामाच्या नावाने आम्ही इतकी वर्षं बोटं मोडली, त्याच कामाने आमची लाज राखली.

"अरे, बंद करा हे," ठेकेदार ओरडला. साहेब म्हणाले की ही सरकारी मालमत्ता आहे, गुन्हा दाखल होईल.

माझ्या हातात औक्षणाचं ताट होतंच. मी म्हटलं, "करा न दाखल. पण नावं लिहिताना ओळीनं लिहा. पहिली कुदळ भाऊंची हाये, साऱ्या गावानं पाहिलं. आम्ही तं त्यांच्या मागून लागलो."

सगळे फोन भाऊंकडे वळले. खोदू नका म्हणावं तर आत्ताच खोदायचा मुहूर्त स्वतःच्या हाताने केलेला. भाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. राजकारणात ते उगाच टिकलेले नाहीत. त्यांनी बाह्या सरसावल्या, फीत बांधलेली ती कुदळ पुन्हा उचलली आणि चाचांच्या शेजारी उभे राहून खऱ्या रस्त्यावर घाव घातला. "मी तं कवाचा म्हणून राह्यलो, आधी जुना काढा," ते साहेबांना मोठ्याने म्हणाले. साहेबांचा पेढा हातातच राहिला. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो लपवायचा मी मुळीच प्रयत्न केला नाही. मागे वळून पाहते तर माझा नवरा एसटीच्या खाकी कपड्यात घमेलं भरत होता.

दुपारपर्यंत अर्धी गल्ली उखडली. अशा उखडलेल्या रस्त्यावर सिमेंट ओततो कोण? एस्टिमेट सुधारून आलं, खोदकामाची तरतूद निघाली, यंत्र आलं आणि दोन्ही थर ट्रॅक्टरमध्ये भरून गेले. भाऊंनी चौकात फलक लावला की त्यांच्या अथक पाठपुराव्याला यश. लावू दे. नवा रस्ता घरांच्या खाली आहे, एवढं मला पुरे.

मे महिन्यात, लग्नाच्या तिथी दाट असताना, संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. चाचांच्या दुकानात तीन लग्नांच्या गाद्या होत्या. सवयीने आम्ही सगळे बादल्या, खराटे घेऊन उताराकडे पळालो आणि तडक आत शिरलो. चाचा गादीवर बसून टाके घालत होते. फरशी कोरडी होती. पाणी दारासमोरून खळखळत पुढे निघून जात होतं.

त्यांनी चष्म्यावरून आमच्या पायांकडे पाहिलं. "बाहेर व्हा न बाप्पा," ते चिडून म्हणाले, "सारं दुकान ओलं करून राह्यले."

दुकानात तेवढंच पाणी होतं, आमच्या पायांचं.