थोराचं स्वयंपाकघर

थोराचं आणि माझं शेत ओढ्याच्या दोन बाजूंना. तिचं घर बाहेरून पांढऱ्या फळ्यांचं, इकडच्या सगळ्या घरांसारखंच. नवरा, ऑर्विल, गेलेला, पोरबाळ नाही. आपल्यामागे घर पाडून तिथे मका पेरतील, ही एकच धास्ती तिला होती.

म्हणून तिने जिल्ह्याच्या इतिहास मंडळाला बोलावलं. मंडळाच्या मार्लिसने बैठकीच्या खोलीतला गिलावा जरासा खरवडला, तर आत कुऱ्हाडीने तासलेले ओकचे ओंडके. ऑर्विलचे पणजोबा नॉर्वेहून अमेरिकेत आले, तेव्हा त्यांनी बांधलेली ही पहिली खोली. पुढच्यांनी तिच्याभोवती घर वाढवलं.

"थोरा, तुझ्या घराच्या पोटात जिल्ह्यातलं सगळ्यात जुनं घर आहे!"

"तरीच पाळणा हलला नाही. जागाच अडली होती."

मार्लिस गोरीमोरी झाली. मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

"पण घर राहील ना?" थोराने विचारलं.

"राहील म्हणजे? आणखी शंभर वर्षं राहील."

थोराने घर मंडळाला देऊन टाकलं आणि ती गावात भाड्याच्या खोलीत राहायला गेली.

तिचं घर म्हणजे खरं तर स्वयंपाकघर. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ऑर्विलने ते स्वतः बांधलं. थोरा बुटकी, म्हणून ओटा, टेबल, सगळं तिच्या मापाचं. कॉफीला बसलं की माझे गुडघे आपटायचे. "लंबूटांग्या, तुला बोलावलं कोणी?" ती म्हणायची. ऑर्विल गेला तोही तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या.

घर लोकांना खुलं झालं त्या दिवशी मीच तिला गाडीतून नेलं.

"रस्ता चुकलास," ती म्हणाली.

समोर ओंडक्यांची एकच खोली उभी होती. फळ्या, माडी, स्वयंपाकघर, मागाहून जोडलेलं सगळंच मंडळाने काढून टाकलं होतं. मार्लिस धावत आली. "अगदी मूळचं होतं तसं केलं बघ!" तिचे डोळे भरून आले होते. वाईट त्यात कोणीच नव्हतं.

"छान आहे," थोरा म्हणाली आणि मागच्या बाजूला, स्वयंपाकघर होतं तिथे गेली. तिथे गवत पेरून वर पेंढा पसरला होता. ती त्यात जाऊन उभी राहिली. मी खुर्ची आणली.

"बस जरा. इथे ठेवू?"

"तिथे चूल आहे."

खुर्ची हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी विचारलं, "घराकडे चक्कर मारायची का?"

"कोणाच्या?" तिने विचारलं.