आठ रिकाम्या खाचा

ललिता कांबळेला मालक नृसिंहरावांचा मनापासून तिटकारा होता. पॉलिटेक्निक शिकलेली ललिता उद्यमनगरातल्या त्यांच्या फौंड्रीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढायची. एकोणनव्वद साली मालकांनी जास्त मेगाहर्ट्झचा, म्हणजे जास्त वेगाचा, नवा कॉम्प्युटर आणला आणि येईल त्या पावण्याला तो आकडा ऐकवला. आकड्यापलीकडं ह्या माणसाला काही कळत नाही, हे तिला केव्हाच कळलं होतं.

पंपाच्या कव्हरचं ड्रॉइंग जुन्या मशीनवर तीन मिनिटांत पडद्यावर उमटायचं. नव्यावर पाच लागू लागली.

"मशीन फास्ट हाय, तुझा हात जड हाय!" मालक सगळ्यांसमोर गरजले.

ललितानं सरळ झाकण उघडलं. प्रोसेसरशेजारी कॅश मेमरीच्या चिपांसाठी आठ खाचा होत्या, आणि आठही रिकाम्या.

"हे बघा साहेब. सारखी लागणारी माहिती ह्या चिपांत हाताशी ऱ्हाती. जुन्या मशीनमधी त्या हाईत, ह्यात चिपाच न्हाईत, म्हणून प्रोसेसर दर वेळी मोठ्या मेमरीकडं मागतो. ती देती सावकाश. तवर ह्यो नुसता बसून ऱ्हातो. मग मेगाहर्ट्झ काय चाटायचे?"

"इकणाऱ्यानं सांगितलं न्हाय की!"

"तुम्ही इचारलंत का?"

पुण्याहून चिपा आल्या, तिनंच त्या बसवल्या. तेच ड्रॉइंग दीड मिनिटात उमटलं. नृसिंहराव बघायला वाकले, तशी ती म्हणाली, "जरा सरका, उजेड अडतोय."

ते दोन पावलं मागं सरकले. तिला त्यांची कीवसुद्धा आली नाही.