आईच्या रायफलचा नवा दस्ता

हात दोनदा धुतले तरी बोटांचा जवसाच्या तेलाचा वास जात नाही. सकाळपासून रायफलच्या नव्या दस्त्याला फडक्यानं तेल पाजते आहे मी, आणि ते शिसवी लाकूड आधाशासारखं पिते आहे. हा वास माझ्या आईच्या पदराचा. पुणतांब्याच्या अलीकडे, नदीकाठी आमची एकटी वस्ती. वडील गेले तेव्हा आई ऐन तिशीत होती आणि भाऊकी बांध रेटायला टपलेली. तिनं रडायचं तेवढं रडून घेतलं, मग कचेरीत खेटे घालून वडिलांच्या रायफलचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. उभ्या आयुष्यात तिनं कोल्हासुद्धा मारला नाही. पण संध्याकाळी ओट्यावर मांडी घालून ती नळी पुसत बसली, की बांध कसे जागच्या जागी राहायचे!

ती गेल्यावर रायफल रीतसर माझ्याकडे आली. आणि गेल्या पावसाळ्यात आम्ही राजूरला लग्नाला गेलो असताना कुणीतरी कुलूप तोडून ती नेली. दागिने गेले असते तर हळहळून गप्प बसले असते. इथं मात्र अन्न गोड लागेना; आईला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं झालं. चुलतभाऊ म्हणाला, "बरं झालं, ब्याद गेली. बाईमानसाला काय करायची हाय बंदूक?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हटलं, "आईनं जे केलं तेच!" आणि ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिले.

चोर सापडला तो त्याच्या भाविकपणानं. संगमनेरकडचा ट्रॅक्टरवाला, आमच्याच रानात नांगरट करून गेलेला. लपवायला सोपी पडावी म्हणून त्यानं दस्ता करवतीनं कापला आणि रायफल कडब्याच्या गंजीत खुपसली. पण खंडेनवमी आली ना! त्या दिवशी घरातलं हत्यार पुजायचं राहिलं तर ते आपल्यावरच उलटतं, ही धास्ती आपल्याकडे कुणाला नाही? गड्यानं ट्रॅक्टर धुतला, कोयते मांडले आणि शेजारी चोरीची रायफल ठेवून तिलाही झेंडूची माळ घातली. बायकोनं कौतुकानं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. फिरत फिरत तो फोटो माझ्यापर्यंत आला, तेव्हा नळीला आईनं गुंडाळलेली तांब्याची तार मी लगेच ओळखली. मेल्याला शिव्याही दिल्या आणि पोट धरून हसलेही. पोलीस गेले, नळीवरचा नंबर जुळला.

कोर्टाकडून ताबा मिळाला आणि मी रायफल घेऊन नगरच्या परवानाधारक कारागिराकडे गेले. चुलतभाऊ सोबत आला, म्हणजे नजर ठेवायला. कारागीर म्हणाला, "चालवायची हाय, का नुसती भिंतीला टांगायची?" भाऊ घाईनं म्हणाला, "टांगायची." मी म्हणाले, "चालवायची." आईची रायफल मुकी करून खुंटीला लटकवायची? छे! दस्ता ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं करतात, कोपरापासून बोटापर्यंत. कारागिरानं टेप काढली तसा भावानं बाही सारून हात पुढे केला. जणू ठरलेलंच होतं. मी तो हात बाजूला केला आणि माझा ठेवला. "आखूड भरंल, ताई," कारागीर म्हणाला. "मग आखूड करा," मी म्हणाले.

काम झाल्यावर परवानगी काढून चांदमारीच्या मैदानावर चाचणी घेतली. बार मीच काढला. दस्ता खांद्याला असा दणकून बसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि गोळी कुठं लागली ते पाहायचंच राहिलं. निळाकाळा डाग उठलाय तिथं. भाकरी थापताना कळ येते. घरचे म्हणतात, हळद-तेल लाव, जाईल. जाईलच. आईचा आवाज, तिची चाल, सगळं पुसट होतच चाललंय, डागाचं काय! पण परवाना मिळाला त्या वर्षी तिच्या खांद्यावर मी असाच डाग पाहिला होता. काय झालं म्हणून विचारलं, तर पदर ओढून घेत म्हणाली होती, "काय न्हाई. शिकतीय."

हळद मी लावलेली नाही.